चांदुकल्यावरचा सडा

शनी म्हटलं की आपल्याकडे मोठमोठ्या माणसांचाही चेहरा पडतो. साडेसाती काय, तेल काय, विचारू नका! पण जरा जवळ जाऊन बघितलं असतं ना, तर कुणी घाबरलं नसतं. मधाच्या रंगाचा, गरगरीत पोटाचा, शांत शांत शनी. त्याच्या कमरेभोवती रुपेरी, गुलाबी, फिकट निळी कडी लखलखतात, आणि भोवती चंद्रांची ही गर्दी! मोठे चंद्र, छोटे चंद्र, गोल गोल गुळगुळीत चंद्र, सगळे एका दिशेने, शिस्तीत फेर धरून चाललेले असतात.

या सगळ्यांपासून लांब, पार लांब, एक पिटुकलं चांदुकलं होतं. ते गोल नव्हतं. एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खळगा, आणि मधेच कुणी चिमटा काढल्यासारखं निमुळतं. बरं, निदान सरळ चालावं? तेही नाही! सगळे चंद्र ज्या दिशेने फिरत, त्याच्या नेमकं उलट हे फिरायचं. मोठे चंद्र त्याला ढेकूळ म्हणत. म्हणेनात का! रांगेत चालणाऱ्यांना पुढच्याची पाठच दिसते, आणि उलट जाणाऱ्याला सगळे समोरून भेटतात, हे त्या शहाण्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

या चांदुकल्यावर घर एकच होतं, आणि त्या घरात कणी आणि तिची आई राहत. बाबा कणी रांगत असतानाच देवाघरी गेले होते. तांदळाची कणी असते ना, तेवढीशीच ही पोर, पण कामाला वाघ.

आई धूमकेतूंच्या शेपट्या शिवायची. धूमकेतू म्हणजे एक नंबरचे धसमुसळे. इकडून तिकडे धावणार, कुठेतरी अडकणार, शेपटी टरकन फाडून घेणार, आणि मग तोंड एवढंसं करून आईच्या दारात उभे राहणार. आई चांदीच्या दोऱ्याने असा नाजूक टाका घालायची की शिवण शोधून सापडू नये. धूमकेतू खूश! जाताना कुणी ओंजळभर चुरमुरे ठेवी, कुणी गुळाचा खडा. त्यावर दोघींचं छान भागायचं.

पण चांदुकल्यावर धूळ फार होती. काळी, मऊ, काजळासारखी धूळ. जरा पाऊल टाकलं की भुर्रकन उडायची, नाकात जायची, डोळ्यांत जायची. ती हळूहळू आईच्या छातीत जाऊन बसली. आई खोकायला लागली. खोकता खोकता हात हलायचा, सुई भलतीकडे जायची. एका बिचाऱ्या धूमकेतूची शेपटी तर चक्क नाकाला शिवली गेली. मग काय, धूमकेतू येईनासे झाले. डबा कधी भरलेला, पण बहुतेक रिकामाच. आईला आता उठून बसवतही नव्हतं. रोज सकाळी जाग आली की कणी आधी आईकडे बघायची, आणि आईचे डोळे उघडे दिसले की मगच स्वतःचा श्वास सोडायची.

आईसाठी काय करता येईल? कणीला एकच गोष्ट येत होती, आणि ती ती मन लावून करायची. शनीची सोनेरी कड वर आली की ती खराटा उचलायची. ओटा झाडायची, अंगण झाडायची, टेंगूळ झाडायची, आणि सगळी धूळ चांदुकल्याच्या काठाशी नेऊन खाली लोटून द्यायची. काठावरून टाकलं की गेलं, असं आई म्हणायची. आईची आईही तसंच म्हणायची. कुठे गेलं, असं मात्र कुणी कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पाणी का नाही शिंपडलं? अहो, पाणी होतं कुठे! तिथे कडाक्याची थंडी. जमिनीखाली बर्फच बर्फ, तोही दगडासारखा टणक. तहान लागली की खडा फोडून तोंडात धरायचा, विरघळेल तेवढं प्यायचं. पाणी वाहतं, सांडतं, हातातून निसटतं, हे कणीला ठाऊकच नव्हतं.

चांदुकल्याच्या खळग्यात एक इवलीशी बाग होती, हिमफुलांची. निळी, जांभळी, गुलाबी, लिंबोणी फुलं! पाकळ्या अशा पातळ की पलीकडचं दिसावं. शनी उगवू लागला की ती टिमटिमत उमलायची, आणि शनी पुरता वर आला की मिटून जायची. अशी फुलं दुसऱ्या कुठल्याच चंद्रावर नव्हती.

एका सकाळी कणी या बागेत झाडत होती. फुलांना धक्का लागू नये म्हणून हळूहळू, मन लावून. धुळीचा छानसा ढीग झाला. आता तो काठाकडे लोटणार, तेवढ्यात ढीग शिंकला!

"आऽऽक्छी!"

रंगीत ठिणग्या उडाल्या. कणीने खराटा टाकला आणि टुणकन मागे उडी मारली.

"अगं अगं, मला कुठे लोटतेस?" ढिगातून बारीकसा आवाज आला. "माणूस आधी बघतो तरी!"

ढिगातून दोन मिचमिचे डोळे वर आले, मग धुळीने माखलेले दोन पंख. कणीच्या करंगळीएवढी परी!

"अगंबाई, परीताई!" कणी गुडघ्यांवर बसली. "चुकलं गं माझं. तुला लागलं का?"

तिने परकराच्या टोकाने परीचा एक एक पंख पुसला. पहिला पुसला तर आतून मोरपंखी रंग चमकला, दुसरा पुसला तर केशरी. मग कणीने खिशातून गुळाचा खडा काढला. घरातला शेवटचाच होता तो, आईसाठी जपून ठेवलेला. तिने त्याचे दोन तुकडे केले.

"हा आईचा आणि हा तुझा," ती म्हणाली. "घशातली धूळ जाईल बघ."

"आणि तुझा?" परीने विचारलं.

"मला गोड आवडत नाही," कणी म्हणाली. हे साफ खोटं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसतही होतं.

परीने गूळ खाल्ला, बोटं चाटली आणि ती जवळच्या निळ्या हिमफुलावर ऐटीत जाऊन बसली. "कणीबाळ, माग काय हवं ते. पण आधी नीट ऐकून घे, माझ्याकडे मागायची रीत वेगळी आहे. मागणं एकच. आणि ते हे फूल मिटायच्या आत. आणखी एक. मला नवीन काही घडवता येत नाही. मी फक्त इथलं उचलते आणि तिथे ठेवते. म्हणून कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं, ते आधी डोळ्यांनी बघायचं. बघितल्याशिवाय मागायचं नाही."

हात्तिच्या, एवढंच! कणीला मुळी विचारच करावा लागला नाही.

"माझ्या आईचा खोकला काढ."

"काढते की. पण ठेवू कुठे?"

"म्हणजे?"

"खोकला म्हटला की त्याला छाती लागते. कुणाच्या छातीत ठेवू? सांग, दाखवते."

परीने फुलावरचा उजेडाचा एक चमचमता थेंब बोटावर घेतला आणि कणीच्या डोळ्यांसमोर धरला. थेंबात माणसंच माणसं दिसली, कुठल्या कुठल्या चंद्रांवरची. कुणी बाळाला झोका देत होतं, कुणी भाकरी थापत होतं, कुणी हसता हसता लोळत होतं. कणी बघत राहिली. यांतल्या कुणाला खोकला द्यायचा? त्या झोका देणाऱ्या आईला?

"नको बाई," ती म्हणाली. "मग असं कर, धूळच काढ. सगळीच्या सगळी. धूळ गेली की आई आपोआप बरी होईल."

"हे जमेल," परी म्हणाली. "आता धूळ कुठे ठेवणार, ते बघ."

थेंब गरकन फिरला आणि त्यात एक चंद्र दिसला. कणी त्याला ओळखत होती. वाटेत नेहमी समोरून यायचा तो, डोळ्यांत मात्र भरायचा पुढे निघून गेल्यावरच, दुधासारखा पांढरा, रुपेरी चंद्र. पण आज त्याची पुढची बाजू दिसली, आणि ती काळीकुट्ट होती. अर्धा चंद्र पांढरा आणि अर्धा काळा!

त्या काळ्या बाजूला एक काकू मोगऱ्याच्या वाफ्यात बसल्या होत्या. एक एक कळी पदराने पुसत होत्या. इकडे पुसून होतंय तोवर तिकडच्या कळ्या पुन्हा काळ्या.

"शनिमहाराज," काकू पुटपुटत होत्या, "मी काय घोडं मारलंय हो तुमचं? कशाला ही साडेसाती?"

"या केतकीकाकू," परी म्हणाली. "रोज सकाळी पुसतात."

"पण तिथे तर आधीच धूळ आहे!" कणी म्हणाली. "कुणी टाकली एवढी?"

 परीने थेंब आणखी जवळ धरला. काकूंच्या पदरावर काळी धूळ होती, आणि त्या धुळीत बारीक बारीक कण लुकलुकत होते. निळे, जांभळे, गुलाबी, लिंबोणी. हिमफुलांच्या पाकळ्यांचा चुरा होता तो.

अशी फुलं दुसऱ्या कुठल्याच चंद्रावर नव्हती.

कणीचे कान गरम झाले. तिने खराट्याकडे बघितलं, काठाकडे बघितलं. रोज सकाळी, इतक्या मनापासून, इतकं स्वच्छ झाडायची ती. आणि तिकडे त्या काकू रोज सकाळी पुसत बसायच्या. कणीला रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन रडली ती.

निळ्या फुलाची एक पाकळी हळूच आत वळली. मग दुसरी.

"कणीबाळ, फूल मिटायला लागलं," परी म्हणाली. "मागायचं तर आत्ताच माग. अर्धा चंद्र काळा झालेलाच आहे. आणखी थोडी पडली, तर कुणाला कळणार आहे?"

कणीने नाक पुसलं आणि मान ताठ केली.

"मला कळेल ना!"

ती असं म्हणाली, पण घरातून आईचा खोकला ऐकू आला. लांबलचक, दमवणारा खोकला, थांबता थांबेना असा.  आईला असं कसं सोडायचं? आणि काकूंवर धूळ तरी कशी लोटायची? काहीतरी तिसरं असणारच. असायलाच हवं! तिने परीचा हात धरून थेंब पुन्हा डोळ्यांसमोर आणला आणि डोळे बारीक करून नीट बघू लागली.

केतकीकाकू वाफ्यातून उठल्या होत्या. त्यांनी दारातली कळशी उचलली, हात बुडवला आणि अंगणात काहीतरी भिरकावलं. चकाकणारं, फुटणारं, पसरणारं. त्या त्यावरून चालत गेल्या, आणि काय आश्चर्य! पायाखालची धूळ उडालीच नाही. शहाण्या बाळासारखी जागच्या जागी बसून राहिली.

"परीताई, हे काय करतायत त्या?"

"सडा घालतायत. पाण्याचा."

"आणि ती धूळ उडत का नाही?"

"ओली झाली ना. ओली धूळ जड होते, जमिनीला धरून राहते."

कणी ताडकन उभी राहिली. तिचे डोळे असे चमकले की हिमफुलांनीही बघत राहावं. "म्हणजे धूळ कुठे टाकायचीच नाही! आमची धूळ आमच्याकडेच ठेवायची, फक्त खाली बसवायची! परीताई, मला पाणी हवंय. आणि कुठून आणायचं तेही मला माहीत आहे. कुणाकडून आणायला नको. आमच्याच पायाखाली बर्फ आहे, वाट्टेल तेवढा!"

परी पहिल्यांदाच खुदकन हसली. "बर्फ तुमचाच, खरं आहे. पण तो विरघळायला ऊब लागेल. ती कुठून उचलू?"

"दाखव."

थेंब फिरला. त्यात शनी दिसला नाही, सूर्य दिसला नाही, कुणाचं घर दिसलं नाही. त्यात दिसली फक्त करंगळीएवढी परी, एक पंख मोरपंखी आणि एक केशरी.

कणीने थेंबातल्या परीकडे बघितलं, मग फुलावरच्या परीकडे.

"तुझी ऊब? म्हणजे ती काढली की तू..."  तिने मान जोरजोरात हलवली. "मग नको. राहू दे. मी दुसरं काहीतरी शोधीन."

फुलाची आता एकच पाकळी उघडी होती.

"पोरी," परी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला मागणारे खूप भेटले. महाल मागितले, मोती मागितले. बघायला लावलं की डोळे मिटून घेत. पण परीताई, तुझं काय होईल, असं विचारणारी तू पहिलीच. ऐक. मी उजेडाची लेक आहे. ही ऊब घेऊन निघाले, ती कुठेतरी ठेवायचीच म्हणून. ठेवायला जागाच सापडेना, म्हणून अशी भटकत राहिले. ती ठेवली की मी पुन्हा उजेड होईन, आणि घरी जाईन. मलाही घरी जायचंय गं."

"खरंच? दुखणार नाही ना तुला?"

"गुदगुल्या होतील."

"शपथ?"

"गळ्याशपथ."

कणीने दोन्ही हात जोडले आणि एका दमात म्हणाली, "माझ्या चांदुकल्याच्या पोटातल्या बर्फाचं पाणी होऊ दे!"

शेवटची पाकळी मिटली, आणि परी त्या फुलाच्या आत गेली. फूल आतून उजळलं. आधी निळं, मग केशरी, मग इतकं लख्ख की कणीला डोळ्यांवर हात धरावा लागला. उजेड देठातून खाली उतरला, जमिनीत गेला, आणि अख्खं वाकडंतिकडं चांदुकलं आतून उजळून निघालं. टेंगूळ चमकलं, खळगा चमकला. बारीकशी खिदळल्यासारखी किणकिण ऐकू आली. खरंच गुदगुल्या झाल्या असाव्यात! मग तो उजेड मोकळा होऊन वर उठला, शनीच्या कड्यांवरून एक मोरपंखी लहर पळत गेली, आणि परी दिसेनाशी झाली.

कणीच्या पायांना काहीतरी लागलं. कोमट आणि मऊ. तिने खाली बघितलं, तर हिमफुलांच्या मधून एक इवलासा झरा झुळुझुळु वाहत होता. ती हात बुडवून बघते तर पाणी हातातून निसटलं! तिने पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. ती जोरात हसली.

मग ती घरातली बर्फाचे खडे ठेवायची घागर घेऊन आली. काकूंसारखा हात बुडवला आणि भिरकावलं. पहिला सडा तिच्याच तोंडावर पडला. दुसरा बरोबर ओट्यावर. ओट्यावर, अंगणात, टेंगळावर, जिथे जिथे पाणी पडलं तिथे तिथे धूळ खाली बसली. एक छानसा वास सुटला, चांदुकल्यावर आजवर कधीच आला नव्हता असा. कणी रोज सडा घालू लागली, आणि काठावरून चिमूटभरही धूळ कधी खाली गेली नाही.

आईचा खोकला काही जादूने एका क्षणात थांबला नाही. पण तो कमी झाला. मग आणखी कमी झाला. मग आई उठून बसली, भिंतीला धरून उभी राहिली, आणि एक दिवस तिने सुईत दोरा ओवला. लगेच कुठून बातमी लागली कोण जाणे, दोन धूमकेतू फाटक्या शेपट्या घेऊन दारात हजर!

अशातच एकदा रुपेरी चंद्र समोरून आला. चांदुकलं उलटं जाणारं ना, समोरासमोर गाठ पडणारच. कणी काठावर जाऊन उभी राहिली. तोंडाशी दोन्ही हात धरून ती ओरडली.

"केतकीकाकूऽऽ! तुमच्या मोगऱ्यावर पडायची ना, ती धूळ आमची होती होऽऽ! मीच टाकत होते! मला ठाऊक नव्हतं! आता नाही टाकणाऽऽर!"

काकूंनी कमरेवर हात ठेवले. कपाळाला आठ्या घातल्या.  आणि मग काकू कपाळावर हात मारून अशा हसल्या, अशा हसल्या, की पदर तोंडाला लावावा लागला.

"अगं कार्टे! आणि मी इतके दिवस त्या शनिमहाराजांना नावं ठेवत होते गं! बिचारे!" त्या वळल्या आणि शनीला हात जोडले. "माफ करा हो महाराज." मग त्यांनी ओच्यात मोगऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र कळ्या घेतल्या आणि कणीच्या दिशेने उधळल्या. "घे, तुझ्या आईला दे! आणि खरं बोललीस म्हणून एक तुझ्या वेणीत घाल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कणी घागर घेऊन निघाली, तर आई दारात उभी होती. केसांत मोगरा माळलेला, गालांवर रंग आलेला. आईने एक लांब श्वास घेतला, अगदी पोटापर्यंत, आणि तो तसाच सहज सोडला. खोकला आलाच नाही. मग तिने कणीच्या हातातली घागर काढून घेतली.

"कणूबाळ, आजपासून सडा मी घालीन," ती म्हणाली. "तू जा. खेळ."

कणी उभीच राहिली. सकाळी खेळायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. हात रिकामे होते, त्यांचं काय करावं तेही कळेना. तिने आईकडे बघितलं. आई हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मग कणी धावत सुटली. ओल्या अंगणातून, टेंगळावरून, थेट त्याच्या टोकापर्यंत, आणि तिथून तिने उडी मारली. एवढ्याशा चांदुकल्यावर उडी मारली की खाली यायला खूप वेळ लागतो बरं का. कणी वर गेली, आणखी वर गेली, समोर मधाच्या रंगाचा शनी आणि त्याची लखलखती कडी, आणि खाली सडा घालणारी आई. तिला खाली यायची मुळीच घाई नव्हती.